सिंगापूरचा मोकळा उत्तर किनारा: एक प्रकरण अभ्यास

सिंगापूरच्या सहलीत आपल्याकडची मंडळी सेंटोसाला जातातच. त्यातले थोडे पुढे फोर्ट सिलोसोपर्यंत पोचतात, तोफांशेजारी फोटो काढतात आणि एक ठरलेली गोष्ट ऐकून परत येतात: दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी सगळ्या तोफा समुद्राकडे रोखून ठेवल्या, जपानी मागच्या बाजूने आले, तोफा वळल्याच नाहीत, म्हणून सिंगापूर पडलं. सांगायला सोपी गोष्ट आहे आणि इंग्रजांना हसायलाही बरी. पण ती अर्धवट खरी आहे. तोफांवर खापर फुटलं की ज्यांनी निर्णय घेतले, किंवा घ्यायचे टाळले, ती माणसं आणि ती खाती अलगद सुटतात. म्हणून या प्रकरणाकडे तोफांच्या दिशेऐवजी निर्णयांच्या क्रमाने बघू.

तळ इथे, आरमार तिकडे

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनपुढे अडचण होती ती पैशाची. जपानशी असलेला जुना दोस्तीचा करार संपत आला होता, पूर्वेकडचं साम्राज्य सांभाळायचं होतं, पण दोन महासागरांत दोन आरमारं पोसण्याची ऐपत उरली नव्हती. तोडगा निघाला तो असा: आरमार युरोपातच राहील, पूर्वेत फक्त त्याच्यासाठी तळ बांधून ठेवायचा. जपानने काही हालचाल केली की जहाजं निघतील आणि सिंगापूरला येऊन ठाण मांडतील. १९२१मध्ये हे मंत्रिमंडळात ठरलं. १९२४मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने काम थांबवलं, पुढच्या सरकारने पुन्हा सुरू केलं, १९२९नंतर ते परत रेंगाळलं. जपानने १९३१मध्ये मांचुरियात पाय टाकला तेव्हा कुठे घाई सुरू झाली. फेब्रुवारी १९३८मध्ये तळाचं उद्घाटन झालं. खर्चाचा आकडा साधारण ६ कोटी पौंड सांगतात.

या तळाची जागा नीट लक्षात घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर बेतलेलं आहे. तळ बेटाच्या दक्षिणेला, शहराजवळ नव्हता. तो उत्तरेला सेंबावांगला, जोहोरच्या सामुद्रधुनीच्या काठी होता. पाणी खोल, जागा भरपूर, आणि खुल्या समुद्रातून सहज न दिसणारी. नौदलाच्या दृष्टीने निवड उत्तम होती. फक्त समोरचा काठ, म्हणजे मलायाची (आजच्या मलेशियाच्या द्वीपकल्पाची) मुख्य भूमी, तिचं जोहोर हे दक्षिण टोक, जेमतेम एक किलोमीटरवर. तो काठ आपलाच आहे, या गृहीतकावर हा तळ उभा होता.

तोफांचा हिशोब

आरमार येईपर्यंत तळाने किती दिवस तग धरायचा, यासाठी लष्करी कागदपत्रांत एक मुदत ठरवलेली असे. सुरुवातीला ती सुमारे सहा आठवड्यांची होती. सहा आठवड्यांत शत्रू काय करू शकतो? जहाजं घेऊन थेट बेटावर चालून येऊ शकतो. मग तसा हल्ला मोडून काढेल अशा तोफा बसवा. हवाई दलाचे प्रमुख ट्रेंचर्ड म्हणत होते की हे काम टॉर्पेडो टाकणारी विमानं स्वस्तात करतील. नौदल आणि भूदल तोफांवर अडून बसले. वाद काही वर्षं चालला आणि तोफा जिंकल्या.

त्या तोफा खरोखर जबर होत्या. १५ इंची पाच: तीन बेटाच्या पूर्व टोकाला चांगीजवळ, दोन दक्षिणेला बुओना व्हिस्टाला. एकेका गोळ्याचं वजन जवळपास ८८० किलो, पल्ला ३० किलोमीटरच्या वर. ९.२ इंची सहा: तीन सेंटोसावर (तेव्हाचं नाव ब्लाकांग माती) आणि तीन तेकोंग बेटावर. शिवाय ६ इंची दीड डझन तोफा वेगवेगळ्या मोर्चांवर. चांगीच्या मोर्चाला ‘जोहोर बॅटरी’ हे नाव मिळालं ते जोहोरच्या सुलतानामुळे. पंचम जॉर्जच्या राज्यारोहणाला २५ वर्षं झाली म्हणून १९३५मध्ये सुलतानाने ५ लाख पौंड नजर केले, त्यातली मोठी रक्कम या तोफांवर गेली. दक्षिण किनाऱ्यावर चांगीपासून पासिर पांजांगपर्यंत काँक्रीटचे पिलबॉक्स (आत बसून गोळीबार करायची छोटी बंदिस्त ठाणी), काटेरी तारा, सुरुंग आणि सर्चलाइट बसवले गेले. त्यातले दोन-चार पिलबॉक्स आजही उभे आहेत, एक लॅब्राडॉर बागेत सहज बघता येतो.

आता त्या गोष्टीतला खोटा भाग. चांगीच्या मोठ्या तोफा मागे वळू शकत होत्या आणि वळल्याही. शेवटच्या दिवसांत त्यांनी जोहोर आणि बेटाच्या पश्चिम भागाकडे सुमारे २०० गोळे डागले. बुओना व्हिस्टाच्या दोन तोफा मात्र उत्तरेकडे वळण्याइतक्या फिरत नव्हत्या. खरी अडचण गोळ्यांची होती. १५ इंचीसाठी कोठारात होते ते जहाजाचं चिलखत भेदणारे गोळे. असा गोळा पोलादावर आदळला तर आरपार जाऊन आत फुटतो. रबराच्या मळ्यातल्या मऊ मातीत तो खोल घुसतो आणि तिथेच फुटतो. खड्डा मोठा पडतो, आजूबाजूच्या पायदळाला फारशी इजा होत नाही. ९.२ इंचीसाठी माणसांवर चालणारे स्फोटक गोळे होते, पण तोफेमागे जेमतेम पंचवीस-तीस.

आणि ज्यासाठी तोफा बसवल्या ते काम त्यांनी चोख केलं, असंही म्हणता येईल. जपान्यांनी दक्षिणेकडून समुद्रमार्गे हल्ला केलाच नाही. तोफा तिथे आहेत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मुदत मात्र बदलत गेली. जुलै १९३९मध्ये ती ९० दिवसांवर गेली, सप्टेंबरात युरोपात युद्ध पेटल्यावर १८० दिवसांवर. हा बदल वरवर कारकुनी वाटतो. पण सहा आठवड्यांत जो शत्रू फक्त जहाजांनी येऊ शकतो, तो सहा महिन्यांत थायलंडच्या किनाऱ्यावर उतरून मलायाचा अख्खा द्वीपकल्प चालून येऊ शकतो. म्हणजे धोक्याचं स्वरूपच पालटलं होतं. बांधकाम जुन्या हिशोबाचंच राहिलं.

१९३८: ज्यांना कळलं होतं ते

हे कुणालाच सुचलं नाही असं असतं तर प्रकरण इतकं अभ्यासण्यासारखं नव्हतं. मलायातले सेनापती मेजर जनरल विल्यम डॉबी यांना ते सुचलं होतं. ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या काळात, म्हणजे साधारण ऑक्टोबर ते मार्च, पूर्व किनाऱ्यावर सैन्य उतरवणं अशक्य, असा समज रूढ होता. डॉबींनी सराव घेऊन तो खोटा ठरवला. उलट त्या दिवसांत ढगांमुळे विमानांना टेहळणी जमत नाही, म्हणजे शत्रूची सोयच. थायलंडमधली सिंगोरा आणि पट्टाणी आणि मलायातलं कोटा भारू ही उतरण्याची संभाव्य ठिकाणं त्यांच्या टिपणात होती. डिसेंबर १९४१मध्ये जपानी नेमके या तिन्ही ठिकाणी उतरले. १९३८मध्ये डॉबींनी लंडनला स्पष्ट लिहिलं की किल्ल्याला खरा धोका उत्तरेकडून आहे आणि मलायाचं जंगल पायदळाला बहुतेक ठिकाणी अडवू शकत नाही.

त्या टिपणाचं काम करणारा डॉबींचा मुख्य स्टाफ अधिकारी कोण होता? आर्थर पर्सिव्हल. चार वर्षांनी शरणागतीच्या कागदावर सही केली तेच. त्यांना मलाया ठाऊक नव्हता, असं म्हणायला जागाच नाही.

डॉबींनी जोहोरमध्ये, म्हणजे तळाच्या बरंच पुढे, संरक्षक फळी बांधायला पैसे मागितले. ६०,००० पौंड मंजूर झाले. कोटा तिंग्गीच्या बाजूला काही पिलबॉक्स उभे राहिले. त्यावर २३,००० पौंड खर्च झाले. १९३९मध्ये डॉबींची बदली झाली आणि काम तिथेच थांबलं. ६ कोटींच्या तळाच्या राखणीला मंजूर झालेले ६० हजारसुद्धा पुरते खर्ची पडले नाहीत. सरकारी कामांचा अनुभव असलेल्या कुणालाही हा प्रकार ओळखीचा वाटेल: योजना माणसाबरोबर येते आणि माणसाबरोबर जाते.

त्यानंतरच्या दोन वर्षांत भूदल आणि हवाई दल यांची तोंडं दोन दिशांना होती. लंडनने ठरवलं की आरमार येणार नसेल तर मलाया विमानांनी राखायचा. त्यासाठी ३३६ विमानांचा आकडा धरला गेला. युद्ध सुरू झालं तेव्हा हाताशी होती १५८, तीही बरीचशी जुनाट. पण विमानतळ मात्र बांधून झाले होते, अगदी किनाऱ्यालगत, भूदलाशी नीट सल्लामसलत न करता. मग ते विमानतळ राखायला पायदळ दूरदूर विखरून ठेवावं लागलं.

कोटा भारू: पिलबॉक्स लढला ती रात्र

७ डिसेंबर १९४१च्या मध्यरात्रीनंतर जपानी तुकड्या कोटा भारूच्या किनाऱ्यावर उतरू लागल्या. पर्ल हार्बरवर बॉम्ब पडायला अजून तासभर होता. या किनाऱ्यावर आठव्या हिंदी ब्रिगेडमधली डोग्रा पलटण होती, सुमारे दहा मैलांच्या पट्टीवर पसरलेली. वाळूत पिलबॉक्स, त्यांच्यापुढे तारा आणि सुरुंग. पिलबॉक्समधलं अंतर इतकं की मधून वाट काढता यावी.

तरीही डोग्रांनी जपान्यांना तिथे जे सोसायला लावलं ते मलायाच्या मोहिमेत पुढे फार कमी वेळा घडलं. आवाझिसान मारू हे वाहतूक जहाज विमानांच्या हल्ल्यात पेटलं. वाळूवर तारांशी अडकलेले जपानी सैनिक मशिनगनच्या माऱ्यात सापडले. शेवटी मधले दोन पिलबॉक्स पडले, आतले जवळजवळ सगळे जवान मारले गेल्यावरच. जपान्यांचे तीनशेच्या वर ठार झाले.

हा किनारा राखायचा होता तो मागच्या विमानतळासाठी. त्याच दिवशी संध्याकाळी, शत्रू कुंपणाशी पोचला अशी अफवा उठली आणि हवाई दलाने तो विमानतळ सोडून दिला. डोग्रा अजून लढत होते.

या एका रात्रीतून दोन गोष्टी कळतात. पिलबॉक्स निरुपयोगी नव्हता: नीट जागी असला आणि आत टिकणारी माणसं असली तर उतरणाऱ्या फौजेला तो महागात पडतो. आणि एकटा पिलबॉक्स काही राखत नाही.

२६ डिसेंबर आणि नंतरचे ४४ दिवस

१० डिसेंबरला ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ आणि ‘रिपल्स’ ही जहाजं जपानी विमानांनी बुडवली. आरमार येणार, हे मूळ गृहीतकच त्या दिवशी समुद्रतळाशी गेलं. फौजा द्वीपकल्पातून मागे सरकत होत्या.

२६ डिसेंबरच्या रात्री मुख्य अभियंता ब्रिगेडियर आयव्हन सिमसन पर्सिव्हलना, जे आता मलायाचे सेनापती होते, त्यांच्या निवासस्थानी जाऊन भेटले. सिमसन ऑगस्टपासून मलायात होते, रणगाडाविरोधी आणि किनारी संरक्षणाच्या कामात मुरलेले. साहित्य आहे, मजूर अजून मिळतील, कंत्राटदार आहेत. बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर आत्ताच काम सुरू करू, एकदा शत्रू समोरच्या काठावर आला की ते जमणार नाही, असं त्यांचं म्हणणं. पर्सिव्हल नाही म्हणाले. कारण विचारलं तेव्हा उत्तर मिळालं की अशी बांधकामं सैनिकांच्या आणि नागरिकांच्या मनोधैर्याला घातक ठरतात. सिमसन तिथून बेटाच्या संरक्षणाचे प्रमुख कीथ सिमन्स यांच्याकडे गेले, तिथेही तेच ऐकलं.

ही हकीकत सिमसनने सांगितलेली आहे, तेव्हा थोडी जपूनच वाचावी. पर्सिव्हलची बाजूही आहे. माघार घेणाऱ्या सैन्याला पाठीमागे पक्की फळी दिसली की त्याची नजर पुढे राहत नाही, ही भीती सगळ्याच सेनापतींना असते. हिंदी पलटणी झपाट्याने वाढवलेल्या होत्या, अनुभवी अधिकारी आणि नाईक-हवालदार नव्या पलटणींसाठी काढून घेतलेले, भरतीतली पुष्कळ पोरं कोवळी. मजुरीचे दर लंडनच्या परवानगीशिवाय वाढवता येत नव्हते आणि बॉम्ब पडायला लागल्यावर त्या दरात कुणी खोदायला येत नव्हतं. हे सगळं मान्य. पण फौज मागे येणार हे जर दिसतच होतं, तर मोकळ्या किनाऱ्यावर येऊन उभं राहिल्यावर त्या फौजेचं मनोधैर्य काय होणार होतं? त्या रात्रीपासून जपानी बेटावर उतरेपर्यंत ४४ दिवस होते.

जानेवारीत सर्वोच्च सेनापती जनरल वेव्हेल (पुढे आपले व्हाइसरॉय झाले ते) पाहणीला आले. उत्तर किनाऱ्यावर काहीच नाही हे बघून ते चाट पडले आणि त्यांनी चर्चिलना कळवलं. चर्चिल भडकले. सिंगापूरला जमिनीच्या बाजूने तटबंदीच नसेल हे आपल्या मनातही आलं नव्हतं, बूड नसलेली युद्धनौका कुणी पाण्यात सोडेल का, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. हा संताप खरा असेल, पण बारा वर्षांपूर्वीपर्यंत अर्थमंत्री म्हणून नौदलाच्या खर्चाला कात्री लावणाऱ्यांत तेही होते. मग लंडनहून हुकूम सुटले: सगळ्या पुरुषांना फावडी द्या, खंदक खणा. तहान लागल्यावर विहीर खणायची, ती इतकी शब्दशः क्वचितच कुणी खणायला घेतली असेल.

३१ जानेवारीला शेवटची तुकडी जोहोर आणि बेट जोडणाऱ्या सेतूवरून बेटावर आली आणि सेतूला सुरुंग लावला गेला. सुमारे २० मीटरचं भगदाड पडलं. ओहोटीला तिथलं पाणी छातीइतकंही राहत नसे. सेतूवरून येणारी जोहोरच्या पाण्याची नळवाहिनीही त्याबरोबर तुटली.

आता किनारा वाटून घ्यायचा होता. पर्सिव्हलना हल्ला ईशान्येकडून येईल असं वाटत होतं, वेव्हेलना वायव्येकडून. निर्णय पर्सिव्हलचा राहिला. ताजी आलेली अठरावी ब्रिटिश डिव्हिजन ईशान्येला गेली. सिमसनने पश्चिमेकडे नेऊन ठेवलेलं तारांचं आणि सुरुंगांचं साहित्य पूर्वेकडे हलवायचा हुकूम निघाला. वायव्येला खाड्या, खारफुटी, रबराचे मळे. तिथे बावीसावी ऑस्ट्रेलियन ब्रिगेड, तीन पलटणी, पंधरा किलोमीटरच्या आसपास किनारा. ७ फेब्रुवारीला जपान्यांनी ईशान्येच्या उबिन बेटावर एक छोटी तुकडी उतरवून हूल दिली. जपानी सेनापती यामाशिता जोहोरच्या सुलतानाच्या राजवाड्याच्या मनोऱ्यातून सगळं बेट न्याहाळत होते.

८ फेब्रुवारीच्या रात्री दोन जपानी डिव्हिजन वायव्येला सारिंबुनच्या बाजूने उतरल्या. दिवसभराच्या गोळामाऱ्याने टेलिफोनच्या तारा तुटल्या होत्या. सर्चलाइट हुकुमाशिवाय लावायचे नव्हते आणि हुकूम पोचला नाही. तोफखान्याला इशारा देणारे दिवे उडाले ते उशिरा, काही ठिकाणी दिसलेच नाहीत. पहाटेपर्यंत सुमारे १३,००० जपानी बेटावर होते.

दुसऱ्या रात्री क्रांजीला मात्र वेगळं घडलं. ऑस्ट्रेलियनांनी साठ्यातलं तेल खाडीत सोडून पेटवलं. पाण्यावर आग पसरली, होड्या जळल्या. जपानच्या शाही रक्षक डिव्हिजनने हल्ला थांबवायची परवानगी मागण्यापर्यंत वेळ आली. ती मिळण्याआधीच समोरची ऑस्ट्रेलियन ब्रिगेड सेतूजवळची जागा सोडून मागे गेली.

शरणागती, आणि मग

१५ फेब्रुवारीला बुकित तिमाहच्या फोर्ड मोटार कारखान्यात सही झाली. शहरात निर्वासितांची दाटी, नळ फुटलेले, आकाशात फक्त जपानी विमानं. पर्सिव्हलकडे सुमारे ८५,००० माणसं होती, यामाशिताकडे साधारण त्यांच्या निम्म्याहून कमी, आणि त्यांचा दारूगोळा तळाशी आला होता. आपला हल्ला ही निव्वळ थाप होती, लांबलं असतं तर हरलो असतो, असं यामाशितांनी नंतर म्हटल्याचं नोंदलेलं आहे.

१७ तारखेला फॅरर पार्कच्या मैदानावर ४० हजारांच्या वर हिंदी युद्धकैदी जमवले गेले. आझाद हिंद फौजेची सुरुवात तिथली. सिंगापुरात कैद झालेल्यांत सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले होते. पुढे ते या फौजेच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक झाले आणि स्वातंत्र्यानंतर रत्नागिरीतून लोकसभेवर गेले.

उत्तर किनारा बांधला असता तर?

हा प्रश्न प्रत्येक चर्चेत येतो आणि बहुतेक जण सिमसनच्या बाजूने उत्तर देतात. माझं मत थोडं वेगळं आहे. तारा, सुरुंग, पिलबॉक्स आणि वेळेवर लागलेले सर्चलाइट असते तर सारिंबुनला जपान्यांचं रक्त खूप जास्त सांडलं असतं, हे कोटा भारू आणि क्रांजीवरून दिसतं. यामाशिताच्या दारूगोळ्याची अवस्था बघता आणखी काही आठवडेही निघाले असते. पण कशासाठी? सेंबावांगचा तळ तोवर रिकामा झाला होता. जोहोरचा काठ गेला त्याच दिवशी तो जपानी तोफांच्या टप्प्यात आला. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती वस्तूच निरुपयोगी झाल्यावर बेट राखणं म्हणजे प्रतिष्ठा राखणं, आणि दहा लाखांच्या आसपास नागरिक त्या प्रतिष्ठेच्या आत अडकलेले.

तळ वाचवायचा असता तर फळी जोहोरमध्ये, कोटा तिंग्गीपासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत हवी होती, आणि तिच्यासाठी वेळ होता तो १९३८ ते १९४१. सिंगोराहून सेतूपर्यंत यायला जपान्यांना ५५ दिवस लागले. मूळ हिशोबातल्या सहा आठवड्यांपेक्षा जास्त, सुधारलेल्या १८० दिवसांपेक्षा खूपच कमी. म्हणून या प्रकरणात मला निर्णायक वाटते ती २६ डिसेंबरची भेट नव्हे, तर मुदत १८० दिवसांवर गेली तो सप्टेंबर १९३९. त्या महिन्यात आकडा बदलणाऱ्यांनी डॉबींची फाइल काढायला हवी होती. तिच्यातले ३७,००० पौंड तेव्हा मंजूर होते आणि खर्च व्हायचे होते.